'माजी सैनिक', 'युद्धसैनिक' आणि पदकाचे नाव

निलंगा तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सत्काराचा फलक लिहायचा आहे. सत्कारमूर्ती २००१-०२ साली राजस्थानच्या बॉर्डरवर होते. युद्ध झाले नाही, पण पदक मिळाले. त्यांना 'माजी सैनिक' म्हणावे की 'युद्धसैनिक'? आणि पदकाला 'शौर्यपदक' म्हटलेले चालेल का?

'माजी सैनिक' बिनधास्त लिहा. सरकारी व्याख्येत लढाई केल्याची अट नाहीच. भूदल, नौदल किंवा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर नोकरी करून पेन्शनवर आलेला माणूस माजी सैनिक. तो बंदूक चालवत होता की लंगर (फौजेचे स्वयंपाकघर) सांभाळत होता, हे कोणी विचारत नाही. ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेलाही त्यात बसतो, म्हणून 'निवृत्त'पेक्षा 'माजी' बरा. पेन्शन लागण्याआधी स्वतः अर्ज देऊन नोकरी सोडणारा मात्र सहसा बसत नाही. 'युद्धसैनिक' लिहिले की कोणते युद्ध, असे विचारले जाणारच.

नुसते 'सैनिक'ही लिहू नका. आपल्याकडे मुक्तिसंग्राम दिनाच्या मंचावर निजामी राजवटीविरुद्ध लढलेल्यांचा, त्यांच्या वारसांचा मान असतो. ते स्वातंत्र्यसैनिक. दोन्ही नावे एका मथळ्याखाली आली की घोटाळा होतो.

आता पदक. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर फौज सीमेवर गेली आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच राहिली. त्या तैनातीचे वेगळे 'ऑपरेशन पराक्रम मेडल' आहे. नावात 'पराक्रम' असल्यामुळेच लोक त्याला शौर्यपदक समजतात. ते मोहिमेचे सेवापदक आहे, अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकाला मिळते. त्यामुळे ते हलके ठरत नाही. युद्ध न होताही त्या काळात सुरुंग पेरताना आणि काढताना कित्येक जवान गेले. शिवाय शांततेच्या काळातले शौर्यसन्मान वेगळे आहेतच : अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र.

सगळ्यात जास्त चूक 'सेना मेडल' आणि 'सैन्य सेवा मेडल' यांत होते. 'सेना मेडल' एकेका व्यक्तीला, त्याच्या शौर्यासाठी किंवा विशेष कर्तव्यनिष्ठेसाठी देतात. 'सैन्य सेवा मेडल' १९६० पासूनचे. खडतर हवामानात, अवघड भागात ठरावीक काळ काढणाऱ्यांसाठी. त्याच्या फितीवर धातूची पट्टी असते आणि तिच्यावर 'हिमालय', 'मरुभूमि' असा मुलूख लिहिलेला असतो. मधला 'सेवा' गाळला की फलकावर माणसाला न मिळालेला सन्मान चिकटतो, आणि त्याच्याच पलटणीचे लोक तो आधी वाचतात. म्हणून 'मेडल'चे 'पदक'ही करू नका. डिस्चार्ज बुकात (नोकरीतून मोकळे होताना मिळणाऱ्या पुस्तिकेत) नाव जसे आहे तसे उतरवा. बहुतेक पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्याच्याशीही ताडून पाहा.

हुद्दा 'माजी सुभेदार' असा लिहू नये. निवृत्तीनंतरही हुद्दा राहतो. हुद्दा सुभेदार असेल आणि माणूस पेन्शनवर आलेला असेल, तर फलकावर नाव असे घ्या : 'सुभेदार (पूर्ण नाव) (निवृत्त), माजी सैनिक, भूदल'. त्याखाली एक ओळ : 'ऑपरेशन पराक्रममध्ये राजस्थान सीमेवर तैनात, २००१-०२, ऑपरेशन पराक्रम मेडल'.