सिमेंटने भिंत का फुगली?

प्रश्न : वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणीसांचा वाडा पाहून आल्यापासून आमचाही चौसोपी वाडा लोकांना पाहायला खुला करायचं घरात चाललंय. दोन वर्षांपूर्वी ओसरीला सिमेंटचा गिलावा केला होता. तो आता खालून अडीच फुटांपर्यंत फुगून पडतोय, पांढरी पूड दिसते. वॉटरप्रूफ रंगाने भागेल का? माजघरात जुनी कागदपत्रं आणि पैठण्या मांडायच्या आहेत.

उत्तर : रंग मुळीच देऊ नका. ही पूड म्हणजे लोणा. जोत्यातली ओल विटामातीतून वर चढते, येताना क्षार आणते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत उडून जायची. सिमेंटने तिची वाट अडवली, म्हणून क्षार आत साचून ढलपे पाडतात. त्यावर रंग बसला तर ओल आणखी वर सरकेल. ती भिंतीत बसवलेल्या तुळयांच्या टोकांना भिडली की सागही कुजतो.

आधी बाहेर बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत मुरतंय का? अंगणात काँक्रीट ओतून जोतं बुजवलंय का? बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. ते दूर केल्यावर, पावसाळा संपला की, ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंतचं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने उतरवा. भिंत दोन-तीन महिने उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो.

मग गिलावा : किमान महिनाभर मुरवलेला कळीचा चुना 1 भाग, चाळलेली जाडसर वाळू 2 भाग, सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) 1 भाग. एक थर 10-12 मिलिमीटरचाच द्या आणि आठ-दहा दिवस ओली पोती लावा. चुना घाईने सुकला की तडकतो. लवकर घट्ट व्हावा म्हणून गवंडी त्यात थोडं सिमेंट टाकू पाहील, त्याला ठाम नकार द्या.

मूळ कागद भिंतीवर टांगू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. मेणवलीचं दप्तर, म्हणजे नानांची कागदपत्रं, तीसुद्धा आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. वाड्यात छापील प्रती लावल्या तरी चालतं. पैठणीची घडी घातली तर जरीची तार घडीवरच तुटते. धुतलेल्या मलमलीत रुंद नळीवर गुंडाळा. मांडायचीच असेल तर उजेड 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत आणि काही महिन्यांनी वस्तू बदला.

माडी मात्र अभियंत्याने तपासल्याशिवाय खुली करू नका. राहत्या घरात चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात, प्रदर्शनाच्या दालनाला त्याच्या दुप्पट. तोवर एका वेळी मोजकीच माणसं तळमजल्यावर फिरू द्या.