बेशुद्ध पेशंट पहिल्यांदा सांभाळणार असशील तर

अगं, मॉनिटरकडे बघायच्या आधी पेशंटकडे बघ. ड्युटी घेतानाच आधीच्या सिस्टरसोबत बेडजवळ उभं राहून जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा स्कोअर) दोघींनी मिळून काढा, म्हणजे तिचा ८ आणि तुझा ८ एकच आहे ना ते कळतं. नुसता टोटल लिहू नकोस, डोळे, बोलणं, हालचाल वेगवेगळं लिही, आणि तोंडात ट्यूब असेल तर बोलण्याचा स्कोअर काढताच येत नाही, तिथे ट्यूबचा टी लिहायचं. मी नवीन असताना नुसते आकडे भरत बसायचे, खरं सांगते.

प्युपिल, म्हणजे डोळ्यातल्या बाहुल्या, टॉर्चने दर वेळी बघ, एक मोठा झाला, लाइटला आकसत नाही, किंवा बीपी चढतंय आणि पल्स मंदावतोय, तर वाट बघू नको, लगेच डॉक्टरांना बोलव, कारण डोक्यातलं प्रेशर वाढत असू शकतं. जीसीएस २ ने उतरला तरी तेच. सिडेशन, म्हणजे झोपवून ठेवायचं औषध, चालू असेल तर डोस कधी बदलला ते आधी बघ, नाहीतर औषधाची झोप आणि मेंदूची बिघाडी यात गोंधळ होतो. आणि शुगर! ती चेक करायला लोक विसरतात.

कधी कधी सगळे आकडे नॉर्मल असतात पण पेशंट कालच्यासारखा वाटत नाही, सक्शन करताना, म्हणजे नळीने कफ ओढताना, खोकलाच कमी आला वगैरे, असं वाटलं तर लाजू नकोस, नेमकं काय बदललं ते सांग, "बरं वाटत नाहीये" एवढ्यावर कोणी उठून येत नाही. आणि हो, कूस बदलताना त्याच्याशी बोल, ऐकू येत असू शकतं.