निम्म्याहून जास्त यकृत काढल्यावर माणूस नीट जगतो का?

तुमचा प्रश्न असा: वडील ६२ वर्षांचे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालंय, आता यकृतात उजवीकडे दोन गाठी दिसतायत आणि डॉक्टर अख्खा उजवा भाग काढायचा म्हणतायत. एवढं काढून माणूस जगतो का, आणि ते पालीच्या शेपटीसारखं परत येतं हे खरं का?

मी डॉक्टर नाही. पण चार वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं. आज सकाळीच ती मंडईत मेथीच्या जुडीच्या भावावरून हुज्जत घालून आलीये. तेव्हा जगतो, हे पहिलं उत्तर.

पालीच्या शेपटीचं मात्र अर्धंच खरं. शेपटी तुटली तिथूनच फुटते, यकृतात कापलेला भाग त्या जागी पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग वाढतो आणि जवळजवळ पहिल्या वजनाला येतो. सुरुवातीचे काही आठवडे भराभर, पुढे काही महिने सावकाश. आईच्या आताच्या सीटीत डावा भाग गरगरीत होऊन उजवीकडे सरकलेला दिसतो.

आम्हाला सर्जननी फिल्मच्या पाकिटावर पेनने यकृत काढून दाखवलं होतं. त्याचे आठ भाग. ही विभागणी कुइनो या फ्रेंच डॉक्टरची, १९५७ सालची. प्रत्येक भागाला रक्त आणणारी आणि पित्त नेणारी फांदी स्वतंत्र, त्यामुळे चार काढले तरी बाकीचे चालू राहतात. आई ते चित्र बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काळजाचा तुकडा म्हणून तुला वाढवलं, आता हे खराच काढणार." खाटकाकडे काळीज म्हणजे यकृतच, त्यामुळे मला काही बोलताच आलं नाही.

सर्जन सरांचं एक वाक्य मात्र लिहून ठेवा: "किती काढणार हे सगळे विचारतात, किती उरणार ते विचारा." उजवा भाग म्हणजे साधारण ६० ते ६५ टक्के यकृत, पण माणसामाणसात फरक असतो, म्हणून उरणारा भाग सीटीवरून मोजतात. यकृत निरोगी असेल तर २० ते २५ टक्के उरलं तरी भागतं. बरीच केमो झाली असेल तर ३० तरी लागतं, सिरॉसिस (यकृत कडक, निबर होणं) असेल तर ४०. आईला सहा महिने केमो झाली होती आणि उरणारा भाग भरला २४ टक्के. म्हणजे तसंच कापलं असतं तर गाठी गेल्या असत्या आणि यकृतच बंद पडू शकलं असतं. या ऑपरेशनमधली खरी भीती हीच.

मग आधी पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन केलं. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून (पोर्टल व्हेन) मिळतं. बरगड्यांखालून सुई घालून तिची उजवी फांदी बुजवली, की ते रक्त डावीकडे वळतं आणि डावा भाग ऑपरेशनआधीच वाढायला लागतो. पाच आठवडे थांबलो. फिरून मोजलं तेव्हा ३४ भरलं.

हे पाच आठवडे ऑपरेशनपेक्षा वाईट गेले, खोटं कशाला सांगू? तोवर गाठ वाढली तर, हा भुंगा रात्रंदिवस डोक्यात. त्यात येणारा प्रत्येक जण काही ना काही घेऊन. भुईआवळ्याचा रस, पपईची पानं, वाघोलीच्या कुणाचं तरी पुडीतलं औषध. सगळं प्रेमापोटीच, पण ज्या यकृताला आपण सांभाळतोय त्यालाच हे पचवायला लावायचं! सरांना विचारल्याशिवाय एक चमचाही देऊ नका. मावशी रुसतील, रुसू द्या.

ऑपरेशनला सात तास लागले. यकृत कापताना रक्त फार जातं, म्हणून त्यात येणाऱ्या रक्तवाहिन्या एकत्र चिमट्यात धरून १५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू, असं करत जातात. ही युक्ती प्रिंगल नावाच्या सर्जनची, १९०८ ची.

नंतरचे पाच-सहा दिवस रक्ताच्या रिपोर्टमधल्या बिलिरुबिन (कावीळ किती ते) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवा. ते आधी थोडे चढतात. पाचव्या दिवसाच्या आसपास उतरायला लागले तर जीव भांड्यात. दुसरी गोष्ट पोटातली नळी. सिस्टर रोज पिशवी खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या. लालसर पाणी चालतं, हिरवट पिवळं आलं तर पित्त गळतंय. आईला तिसऱ्या दिवशी तसं आलं. तेवढ्यासाठी नळी तीन आठवडे ठेवली, आपोआप थांबलं. आणि श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं फुंकणी यंत्र. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

पुढचंही सांगतो. दुसऱ्या वर्षी आईच्या डाव्या भागात एक बारीक गाठ आली. ती सुईने जाळली, कापावं लागलं नाही. तपासण्या वेळेवर होत्या म्हणून लवकर सापडली. सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) आणि सीटी चुकवू नका.

पैशांचं. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. समाजसेवा विभागात जा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन, तेही ॲडमिट व्हायच्या आधी.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, शक्यतो यकृताचंच काम करणाऱ्या सर्जनचं. जाताना सीटीची सीडी न्या. आम्ही नुसत्या फिल्म आणि रिपोर्ट घेऊन गेलो होतो. फिल्मवरून उरणारा भाग मोजता येत नाही म्हणाले. मग आईला तिथेच बाकावर बसवून मी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून परत स्कॅन सेंटरला. तिथे सीडीचे वेगळे शंभर रुपये आणि "उद्या या".