चालू प्रयोगात आपोआप उडणारा ड्रोन लावावा का?

तुमचं दोन अंकी नाटक बंदिस्त थिएटरात आहे, शूटिंगला कॅमेरामन एकच, म्हणून नटाच्या मागे आपोआप फिरणारा ड्रोन लावायचा विचार करताय. स्टेजचं शूटिंग आणि ड्रोन दोन्ही बरीच वर्षं करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो, चालू प्रयोगात नका लावू.

पहिलं कारण आवाज. अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोनसुद्धा बंद थिएटरात इतका घोंघावतो की फूटमाईक, म्हणजे स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवलेले माईक, नटाच्या आधी त्यालाच उचलतात, आणि जिथे नट दोन सेकंद गप्प राहून अख्खं प्रेक्षागृह धरून ठेवतो तो पॉज तर मेलाच, त्यासाठी महिनाभर तालमी केलेल्या असतात हो त्याने.

दुसरं, छताखाली जीपीएस मिळत नाही, मग ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमीन बघून जागा धरतो, त्याला खाली उजेड आणि काहीतरी खुणा लागतात. आपलं स्टेज काळं, त्यात प्रवेश संपला की काळोख! एका रंगीत तालमीत असाच काळोख झाला आणि माझा ड्रोन सरकत सरकत विंगेच्या पडद्यात घुसला, तिथे एक मुलगी एंट्रीसाठी उभी होती. तिला लागलं नाही, पण तेव्हापासून नाट्यगृहात माणसांच्या डोक्यावर मी ड्रोन नेत नाही. 2015 ला मेक्सिकोत तिहुआनाच्या कॉन्सर्टमध्ये गायक एनरिके इग्लेसियासने उडता ड्रोन हाताने धरला आणि बोटं चिरली, ते पातं खेळण्यातलं नसतं.

ट्रॅकिंगचं, म्हणजे ड्रोनने आपोआप नटाच्या मागे फिरण्याचं म्हणाल तर दोन नट एकमेकांना क्रॉस झाले, त्यात कपडे सारखे असले की तो भलत्याच्याच मागे जातो. आणि बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचाय, हे त्याला कोण सांगणार? ते नाटक पाठ असलेल्या कॅमेरामनलाच कळतं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ड्रोन उडालेत हे खरं, 2016 ला सर्क दु सोले या सर्कस कंपनीच्या 'पॅरामूर' या खेळामध्ये व्हेरिटी स्टुडिओज या स्विस कंपनीचे ड्रोन लॅम्पशेड घालून आपोआप उडायचे. पण त्यांचा मार्ग आधीच ठरवलेला, जागा ओळखायची वेगळी यंत्रणा थिएटरात बसवलेली, आणि ते स्वतः खेळाचा भाग होते, शूटिंग करत नव्हते.

ड्रोनचे शॉट हवेच असतील तर रंगीत तालमीच्या आधी तासभर वेगळा काढा. वर्क लाइट, म्हणजे स्टेजवरचे साधे कामाचे दिवे, चालू ठेवा, पात्यांना गार्ड लावा, कपडे आणि नेपथ्य प्रयोगातलंच असू द्या, आणि चार-पाच जागा ठरवून तेवढेच शॉट घ्या, कारण छोट्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या आसपासच टिकते. ऑटो ट्रॅकिंग बंद, हाताने उडवा. प्रयोगाला एक कॅमेरा मागून, अख्खं स्टेज दिसेल असा वाइड लॉक करा, दुसरा कॅमेरामनच्या हातात द्या, आवाज प्रयोगाचाच वापरा. संवाद ओठांना जुळवत बसू नका, ड्रोनचे शॉट संगीताच्या जागी, प्रवेश बदलताना टाका.

मैदानातल्या महानाट्याची गोष्ट वेगळी, तिथे जीपीएस मिळतं, बाजूने उंचावरून छान दिसतं. फक्त डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा उड्डाणाच्या कुठल्या झोनमध्ये येते ते आधी बघा, आणि घोडे असतील तर त्यांच्या जवळ अजिबात नेऊ नका, बुजतात.