फिल्टर स्वच्छ, तरी धूळ आत कशी?

प्रश्न : माझी हिमालयन 411 मोटरसायकल आहे, फ्युएल इंजेक्शनची. रोजची वाट निम्मी कच्ची, जांभ्याच्या तांबड्या धुळीची. मेकॅनिक दर सर्व्हिसिंगला एअर फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारतो आणि तोच परत बसवतो. ॲव्हरेज कमी झालेलं नाही, पण चढाला गाडी दमते. फिल्टर बदलायला झालाय का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : हो, बदला. ॲव्हरेजवरून फिल्टर ओळखायचा तो कार्ब्युरेटरच्या गाडीत. तिथे हवा अडली की मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि प्लग काळा पडतो. इंजेक्शनची गाडी आत आलेल्या हवेच्या बेतानेच पेट्रोल सोडते, त्यामुळे ॲव्हरेज फारसं हलत नाही. ताकद मात्र जाते, आणि ती आधी चढालाच जाणवते.

कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने फिल्टरच्या घड्यांच्या कागदाला बारीक भोकं पडतात. असा फिल्टर दिसायला छान, पण कामातून गेलेला. पुढच्या वेळी कागद बोटाने चाचपून पाहा. चिकट लागला तर तो तेल लावलेला आहे, त्याला हवाही नको आणि पाणीही नको, सरळ नवा घाला. कोरडा असेल तर हलकेच आपटून धूळ पाडा. हवा मारायचीच असेल तर 30 पीएसआय दाबाच्या आत, नोझल वीतभर लांब धरून आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. मग अंधारात आतून टॉर्च लावा. एखादा ठिपका जरी लखलखला तरी फिल्टर टाकून द्या. मॅन्युअलमधलं बदलायचं अंतर साध्या रस्त्यासाठी असतं, तुमच्या वाटेला ते निम्मं धरा.

प्रश्न : कावासाकी केएलएक्स 230 मोटरसायकलचा फोमचा एअर फिल्टर पेट्रोलने धुऊन इंजिन ऑइल लावलं तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही टाळा. पेट्रोलने फोमचे जोड चिकटवणारा गोंद सुटतो, शिवाय भडक्याचा धोका आहेच. इंजिन ऑइल फोममध्ये टिकत नाही. गाडी उभी असताना ते खाली ओघळतं, वरचा फोम कोरडा पडतो आणि नेमकी तिथूनच धूळ आत जाते. फोम फिल्टरसाठीचं खास ऑइल फक्त लावताना पातळ असतं. त्यातला द्रावक उडाला की ते डिंकासारखं चिकट होतं. धूळ अडते ती या चिकटपणात.

धुवायला फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल घ्या, हातमोजे घाला. फोम मुठीत दाबत, सोडत धुवा. कपड्यासारखा पिळलात तर जोडावर फाटेल. नंतर कोमट साबणाच्या पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत. सावलीत पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. ओलसर फोमला तेल धरत नाही. वाळल्यावर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम आणि तेल एकत्र घालून बाहेरून मळा. बहुतेक फिल्टर ऑइल रंगीत असतं, त्यामुळे कुठे फिकं राहिलं ते लगेच दिसतं. जादा तेल दाबून काढा आणि तासभर थांबून बसवा. दोन फिल्टर आलटून पालटून वापरलेत तर घाईत ओला फिल्टर चढवण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : फिल्टर नियमित साफ करतो, तरी इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत तांबडी पूड सापडली. फिल्टरच खराब म्हणायचा का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : फिल्टर फाटलेला नसेल तर धूळ त्यातून नव्हे, कडेने येते आहे. आमच्या मते फिल्टर किती पांढरा आहे यापेक्षा तो कडेला किती घट्ट बसला आहे, हे आधी पाहावं. कडेचं रबर दुमडलेलं किंवा कडक झालेलं असतं, एअरबॉक्सचं, म्हणजे फिल्टरच्या पेटीचं, झाकण एका स्क्रूअभावी उचललेलं असतं किंवा नळीचा क्लँप सैल असतो. फोमच्या फिल्टरला बसण्याच्या कडेवर ग्रीसचा पातळ थर द्या.

बरीच धूळ फिल्टर काढतानाही आत पडते. झाकण उघडण्याआधी भोवतालचा भाग पुसा. फिल्टर निघाला की नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, एअरबॉक्स आतून ओल्या कपड्याने पुसा आणि फडकं आठवणीने काढा. उघडताना अशी धूळ पडते, म्हणून रोज उघडून बघण्यात फायदा नाही.

आता नळी पुसून, फिल्टरच्या पलीकडे तिच्या आतल्या भिंतीला ग्रीसचं बोट फिरवा आणि शंभरेक किलोमीटर चालवा. ग्रीसवर पुन्हा पूड बसली तर गळती अजून आहे. ती सापडेपर्यंत कच्च्या रस्त्याला जाऊ नका. गारगोटीच्या कणाची कठीणता 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7 असते, आणि असे कण तेलात मिसळले की पिस्टन रिंगा नि सिलिंडरची भिंत घासत राहतात. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर आत्ताच बदला. पुढे ऑइल कमी होऊ लागलं किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या.