'अ‍ॅड'ला 'जोडा' म्हणावं की 'घाला'?

प्रश्न थोडक्यात असा: दादरच्या एका अभ्यासवर्गासाठी प्रोग्रामिंगची टिपणं मराठीत लिहिली जात आहेत. त्यात मुलं स्वतःचा कलेक्शन क्लास (नोंदींचा संग्रह सांभाळणारा साचा) तयार करतात, उपनगरी स्थानकांचा. की (जिच्यावरून नोंद सापडते ती) म्हणजे स्थानकाचं नाव आणि व्हॅल्यू (तिच्यापुढची माहिती) म्हणजे त्याचा रेल्वे-कोड. नोंद आत घेणाऱ्या मेथडचं (क्लासमधल्या कृतीचं) वर्णन कसं करायचं: 'जोडते', 'टाकते', 'समाविष्ट करते' की 'प्रविष्ट करते'? आणि 'की'ला 'किल्ली' म्हणावं का?

'जोडणे' इथे बसत नाही. जोडायला दोन वस्तू लागतात आणि जोडल्यावरही त्या दोन म्हणूनच ओळखू येतात: गाडीला डबा, अर्जाला दाखला. 'संग्रहाला नोंद जोडा' वाचलं की नोंद शेवटी चिकटवली असं वाटतं. साध्या लिस्टच्या 'अपेंड'ला (शेवटी भर घालण्याला) ते शोभेल. इथे नोंद सापडते ती कीवरून. म्हणून 'कीला व्हॅल्यू जोडा' म्हणायला हरकत नाही, पण संग्रहात नोंद 'घाला'. विभक्तीसुद्धा तेच सांगते: जोडायचं ते कशाला तरी, घालायचं ते कशात तरी.

'टाकणे' बोलण्यात सर्रास चालतं ('डेटा टाकलास का?'), टिपणात मात्र घोटाळा करतं. 'पुसून टाका', 'काढून टाका' यांत तेच क्रियापद आहे, आणि 'जुनी नोंद टाका' याचे तर दोन उलटे अर्थ निघतात. 'समाविष्ट करा' चूक नाही, परिपत्रकी आहे. 'प्रविष्टी' आणि 'कुंजी' (म्हणजे की) हिंदी पडद्यांवरून आलेले आहेत. मराठीत 'नोंद' असताना 'प्रविष्टी'चं काम काय?

पण खरी अडचण शब्दाच्या निवडीपेक्षा खोल आहे. एकच 'अ‍ॅड' समजून आपण निरनिराळ्या क्रियांना एक शब्द देऊ पाहतो. दादरचंच घ्या. पश्चिम रेल्वेवर त्याचा कोड डीडीआर, मध्य रेल्वेवर डीआर. 'दादर' ही की घालून झाल्यावर तीच पुन्हा आली, तर काय व्हावं? सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेच्या डिक्शनरीतली (तिथल्या तयार की-व्हॅल्यू संग्रहातली) 'अ‍ॅड' अपवाद (एक्सेप्शन) फेकते, म्हणजे चूक झाल्याचं कळवून थांबते, आणि जुनी नोंद तशीच राहते. तिथेच चौकटी कंसांतून दिलेली व्हॅल्यू जुनीवर बसते. जावातली 'पुट'ही जुनी व्हॅल्यू बदलते, वर ती जुनी व्हॅल्यू परत देते. पायथनमध्ये

स्थानके['दादर'] = 'डीआर'

लिहिलंत की डीडीआर निमूट जातो, सूचना वगैरे काही नाही.

जुन्या पेढ्यांवरच्या वह्यांत हा भेद होताच. रोजकीर्दीत एकच नाव दिवसातून चारदा येतं. खतावणीत त्या नावाचं खातं एकच. आपला संग्रह म्हणजे खतावणी.

तेव्हा क्रियापदं वेगळी ठेवा. की आधीच असेल तर नकार देणाऱ्या मेथडला 'नवी नोंद करते' म्हणा. जुनीच्या जागी नवी आणणाऱ्या मेथडला 'ठेवते', आणि टिपणात एकदा स्पष्ट 'असल्यास बदलून ठेवते'. जावाच्या 'पुट-इफ-अ‍ॅब्सेंट'ला आणि सी शार्पच्या 'ट्राय-अ‍ॅड'ला 'नसेल तर घालते'. त्रुटीसंदेशात 'अवैध की' लिहू नका, की वैधच असते. ''दादर' ही की आधीच आहे' लिहा. आणि दोन्ही कोड हवे असतील तर शब्द बदलून भागणार नाही, कोडला की करा आणि नावाला व्हॅल्यू. व्हॅल्यू दोनदा आली तरी चालते.

'की' तशीच राहू द्या, स्त्रीलिंगी. 'किल्ली' उघडते, ही ओळखते. फक्त 'लक्षात ठेवा की की एकदाच येते' अशी वाक्यं होऊ देऊ नका. 'की एकदाच येते, हे लक्षात ठेवा' असं फिरवून घ्या.

मेथडचं नावच 'नोंदवा' ठेवायचा मोह होईल. सी शार्पला देवनागरी नाव चालतं. पण क्लासची नवी वस्तू (ऑब्जेक्ट) बनवतानाच महिरपी कंसांत की-व्हॅल्यूच्या जोड्या द्यायच्या असतील, तर कंपायलर नेमकी 'अ‍ॅड' याच नावाची मेथड शोधतो आणि क्लास 'आय-एन्युमरेबल' (एकेक करून नोंदी देऊ शकणारा) असावा लागतो. तिथे हट्ट सोडा, मराठी वर्णनात ठेवा.

पायथनवाल्यांनी 'डिक्ट' या तयार की-व्हॅल्यू संग्रहावरून आपला क्लास बनवून त्यातली 'सेटआयटम' ही मेथड (आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर) बदलली, तर चौकटी कंसांतून येणारी नोंदच तिच्यातून जाते. वस्तू बनवताना दिलेल्या जोड्या, 'अपडेट' आणि 'सेटडिफॉल्ट' या मेथडी तिला वळसा घालतात, तपासणी लिहूनही कोरडी राहते. त्याऐवजी पायथनच्याच 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधला 'यूजरडिक्ट' घ्या, त्यात या सगळ्या वाटा तिच्यातूनच जातात.

देवनागरी कीला एक खास धोका आहे. मुंबईबाहेरची स्थानकं घेतलीत की 'कऱ्हाड' येईल. त्यातला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळ्या की. 'नवी नोंद' मेथड तक्रार न करता दोन्ही आत घेते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एकसारखी करणं) इथे उपयोगी नाही, कारण ही दोन रूपं युनिकोडच्या लेखी समतुल्य नाहीत. म्हणून क्लासमध्ये एक छोटं फंक्शन लिहून दुसरं रूप पहिल्यात बदला, आणि ते नोंद घालताना जसं वापराल तसंच शोधताना, तपासताना आणि काढतानाही वापरा. नाहीतर नोंद आत असूनही हाताला लागणार नाही.