मायनिंग, ट्रेडिंग आणि आल्टकॉइनचा भाव : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०६० कार्डाचा कॉम्प्युटर आहे. तो मायनिंगला लावला तर वीजबिल तरी सुटेल का? की सरळ बिटकॉइनचे मशीन घ्यावे? घर स्वतःचे आहे, गच्चीवर खोली रिकामी आहे. (सांगली)

कार्डाचे आधी सांगतो. मायनिंग म्हणजे मशीनने सतत गणिते करून नेटवर्कचे व्यवहार नोंदवण्यात भाग घ्यायचा आणि बदल्यात नवे कॉइन मिळवायचे. ग्राफिक्स कार्डावर कमाई व्हायची ती मुख्यतः इथेरियमवर, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग बंद करून स्टेकिंगची (मशीनऐवजी कॉइन तारण ठेवून व्यवहार तपासायची) पद्धत घेतली. त्यातली बरीच कार्डे इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन अशा लहान नेटवर्कांकडे वळली. तिथे वाटेकरी वाढले, वाटायचे कॉइन मात्र तेवढेच राहिले. कार्डाची पॉवर लिमिट १२० वॉटवर आणली आणि बाकीचा कॉम्प्युटर धरून १८० वॉट ओढले, तरी २४ तासांत ४.३ युनिट जळतात. ९ रुपये दराने रोजचे ३९ रुपये झाले. व्हॉटटूमाइन या हिशेबाच्या वेबसाइटवर आपले कार्ड आणि विजेचा खरा दर टाकून बघा. उत्तर उणे आले तर विषय तिथेच सोडा. शिकायला आठवडाभर चालवायला हरकत नाही.

आता मशीन. उदाहरणाला बिटकॉइनचे अँटमायनर एस२१ धरू : वेग २०० टेराहॅश (सेकंदाला २०० लाख कोटी हॅश, म्हणजे गणिते), ३,५०० वॉट, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (तेव्हा मायनिंगचे बक्षीस निम्मे झाले) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणून सगळ्या जगात मिळून रोज सुमारे ४५० बिटकॉइन निघतात. त्यात तुमचा वाटा तुमच्या हॅशरेटच्या (गणितांच्या वेगाच्या) प्रमाणात. हिशेबापुरता नेटवर्कचा हॅशरेट ८०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) आणि बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरू. तुम्ही करताना हे दोन्ही आकडे त्या दिवसाचे घ्या. वाटा येतो ०.०००११२५ बिटकॉइन, म्हणजे ९०० रुपये. पूलची (मिळून मायनिंग करणाऱ्या गटाची) २ टक्के फी गेली, उरले ८८२. वीज ९ रुपये दराने ७५६. इथवर रोज १२६ रुपये सुटतात आणि बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो.

पण कर राहिला. मायनिंगसाठी केलेला यंत्रणेचा खर्च हा खरेदी खर्च म्हणून वजा मिळणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे. म्हणजे विक्रीच्या पूर्ण रकमेवर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून चालायचे. ८८२ वर ते २७५ रुपये होतात. रोज १२६ सुटत होते, आता १४९ रुपये खिशातून जातात. याच आकड्यांत युनिटचा दर ७.२० रुपयांच्या आसपास आला तर हात बरोबरीला येतात, आणि तेही मशीनची किंमत न धरता. घरगुती मीटरवर महिन्याला २,५०० युनिट म्हणजे महावितरणचा ५०० युनिटांवरचा सर्वांत महाग टप्पा. तिथे ९ रुपयेही विसरा.

तरीही लावणार असाल तर वायरिंग आधी बघा. ३,५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला १५ अँपिअर, आणि तेही अखंड. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट गीझरसारखा अर्धा तास हा भार सोसतो. चोवीस तास लावला की आधी प्लगची पिन काळी पडते, मग सॉकेट वितळतो. मीटरजवळून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी, चांगले अर्थिंग आणि इंडस्ट्रियल सॉकेट हवा. मंजूर भार आधी वाढवून घ्या. हे मशीन जेवढी उष्णता टाकते तेवढी बाहेर काढायला एक टनाचा एसी लागतो. सांगलीच्या एप्रिलात गच्चीवरच्या बंद खोलीत ते तापून बंद पडणारच. एका बाजूने हवा आत आणि समोरच्या बाजूने डक्ट लावून थेट बाहेर, ही सोय आधी करावी लागते. शिवाय आवाज मिक्सरसारखा, रात्रंदिवस. शेजाऱ्यांना विचारा.

प्रश्न : एक कॉइन काढायला जेवढा खर्च येतो त्याखाली भाव जाऊच शकत नाही, असे ऐकले. खरे का? (ठाणे)

नाही. बिटकॉइनचे नेटवर्क दर २,०१६ ब्लॉकना डिफिकल्टी (ब्लॉक काढणे किती अवघड ते) नव्याने ठरवते. भाव पडला की महाग विजेवर चालणारी मशिने बंद होतात, डिफिकल्टी उतरते आणि उरलेल्यांचा प्रत्येक कॉइनमागचा खर्च आपोआप कमी होतो. म्हणजे खर्चच भावाच्या मागे येतो. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी आणली तेव्हा निम्म्याच्या आसपास मशिने बंद पडली, आणि ३ जुलै २०२१ ला डिफिकल्टी एकदम सुमारे २८ टक्के खाली आली. ब्लॉक निघायचे थांबले नाहीत. चालू राहिलेल्यांना तेवढ्याच विजेत जास्त कॉइन मिळाले.

प्रश्न : आल्टकॉइनचा भाव नेमका ठरतो कसा? माझ्याकडे २ पैशांच्या भावाने घेतलेले दोन लाख टोकन आहेत. त्याचा १ रुपया होईल का? ग्रुपवर सगळे ‘मार्केट कॅप अजून लहान आहे’ म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

आल्टकॉइन म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीचे कॉइन. स्क्रीनवरचा भाव म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा दहा रुपयांचा असला तरी चालतो. त्या भावाला फिरत्या टोकनांच्या संख्येने गुणले की झाले मार्केट कॅप. तेवढा पैसा कुठेही जमा झालेला नसतो.

उदाहरण करून बघा. एका डेक्समध्ये (मध्यस्थ कंपनीशिवाय प्रोग्रॅमवर चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये) लिक्विडिटी पूल, म्हणजे अदलाबदलीसाठी ठेवलेला साठा आहे, त्यात १० लाख टोकन आणि १०,००० यूएसडीटी (एका डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन). भाव १ सेंट. टोकन एकूण १०० कोटी, सगळे फिरते, म्हणून मार्केट कॅप दिसते १ कोटी डॉलर. आता कोणीतरी १ लाख टोकन विकायला आणले. नेहमीच्या पूलचा नियम असा की दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम राहतो : १० लाख गुणिले १०,००० म्हणजे १,००० कोटी. टोकन ११ लाख झाले की यूएसडीटी ९,०९१ उरायला हवेत. विकणाऱ्याला मिळाले ९०९, हजार नव्हे. नवा भाव ०.८३ सेंट. एकूण टोकनांच्या दहा हजारात एक भाग विकला गेला आणि भाव १७ टक्के खाली! त्या ‘एक कोटी डॉलर’मधून सगळ्यांनी मिळून १०,००० डॉलरच्या वर काहीच काढता येत नाही.

तुमच्या २ पैशांचा १ रुपया व्हायचा तर भाव पन्नासपट व्हायला हवा. तो क्षणभर होऊही शकतो, पूल लहान असेल तर थोड्या खरेदीनेही होतो. खरा प्रश्न असा की त्या भावाला तुमचे दोन लाख टोकन कोण घेणार. म्हणून मार्केट कॅपऐवजी पूलमधली रक्कम बघा. एक्स्चेंजवरचा कॉइन असेल तर ऑर्डर बुकमध्ये (खरेदी-विक्रीच्या थांबलेल्या ऑर्डरांच्या यादीत) चालू भावाच्या २ टक्के खालपर्यंत एकूण किती रुपयांच्या खरेदीच्या ऑर्डर आहेत ते मोजा. तुमची सगळी रक्कम त्यात मावत नसेल तर कागदावरचा नफा पूर्ण हातात येणार नाही.

दुसरी बाजू पुरवठ्याची. फिरते टोकन आणि एकूण टोकन यांत मोठी तफावत असेल तर उरलेले कोणाकडे आहेत आणि कधी सुटणार आहेत, याचे वेळापत्रक शोधा. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना ते फार स्वस्तात मिळालेले असतात, त्यामुळे सुटल्या दिवशी विकले तरी त्यांचा फायदाच. पुरवठा हाताबाहेर गेला की काय होते ते मे २०२२ मध्ये लुना या कॉइनने दाखवले : त्याच्या जोडीच्या यूएसटी या कॉइनचा भाव एका डॉलरवर धरण्यासाठी काही दिवसांत लुनाची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि भाव सेंटच्या बारीक अंशात आला.

आणि मागणी कशाची? इथरला, म्हणजे इथेरियमच्या कॉइनला, एक पक्के गिऱ्हाईक आहे : त्या नेटवर्कवर व्यवहार करणारा प्रत्येकजण. फी इथरमध्येच भरावी लागते, आणि ऑगस्ट २०२१ पासून त्या फीचा एक भाग कायमचा नष्ट होतो. तुमचे टोकन न घेता कोणाचे काय अडते, हे एका वाक्यात सांगता येते का बघा. ‘पुढे भाव वाढेल म्हणून लोक घेतील’ एवढेच उत्तर निघत असेल, तर ते टोकन फक्त नव्या खरेदीदारांवर उभे आहे.

तपासायला अर्धा तास पुरतो. टोकन इथेरियमवर असेल तर करार पत्ता (टोकनच्या प्रोग्रॅमचा पत्ता) इथरस्कॅन या वेबसाइटवर टाका. होल्डर्सच्या यादीत पूल आणि एक्स्चेंजचे पत्ते वगळून पहिल्या दहांकडे किती टक्के आहेत ते बघा. कराराचा कोड व्हेरिफाय झालेला आहे का, मालकाला नवे टोकन छापायचा किंवा विक्री थांबवायचा अधिकार आहे का, पूलची लिक्विडिटी लॉक (काढून घेता येणार नाही अशी) आहे का आणि कुठल्या तारखेपर्यंत, हेही तिथेच कळते. शेवटी अगदी थोडे टोकन विकून पाहा. खरेदी होते पण विक्री होत नाही, असे करार मुद्दाम लिहिलेले असतात आणि त्यांचा आलेख नेहमी सुरेख चढता दिसतो, कारण खाली आणणारा विक्रेताच नसतो.

प्रश्न : लाइटकॉइनच्या मशीनवर डोजकॉइन फुकट मिळतो म्हणतात, ते कसे? (कोल्हापूर)

दोन्हींचा अल्गोरिदम (गणिताची पद्धत) ‘स्क्रिप्ट’ हाच आहे, आणि २०१४ पासून डोजकॉइनने मर्ज्ड (एकत्र) मायनिंग स्वीकारले. तेच हॅश दोन्हीकडे चालते, जादा वीज लागत नाही. पूल निवडताना डोजचा वाटा मिळतो ना, एवढे बघा. फुकट मात्र म्हणू नका. मशीनच्या किमतीत ती कमाई आधीच धरलेली असते. डोजला बिटकॉइनच्या २.१ कोटींसारखी मर्यादाही नाही. दर मिनिटाला १०,००० नवे, म्हणजे दिवसाला १.४४ कोटी. भाव टिकायला तेवढे रोज कोणीतरी घ्यावे लागतात.

प्रश्न : एका कॉइनमध्ये एक लाख मिळाले, दुसऱ्यात ऐंशी हजार गेले. कर वीस हजारांवरच ना? आणि स्टॉपलॉस लावला होता तरी तो लागला नाही, असे का? (पुणे)

कर पूर्ण एक लाखावर. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. कर ३१,२००, हातात उरलेले २०,००० सोडून वर ११,२०० भरायचे. हा नियम अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण विवरणपत्र आजच्या नियमानेच भरायचे.

शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. कॉइन देऊन कॉइन घेतला तरी तो लागतो. विवरणपत्रात तो परत किंवा करात वळता मिळतो, पण तोवर भांडवल अडकते. एक लाख रुपये पन्नास वेळा फिरवले तर भाव जागचा हलला नाही तरी खात्यात सुमारे ६०,५०० च उरतात. भारतात रोज दहा सौदे करायची पद्धत इथेच मोडते.

स्टॉपलॉसचे कारण बहुधा असे : तुम्ही स्टॉप-लिमिट लावला असणार. ट्रिगर ९५, म्हणजे तिथे ऑर्डर जागी होणार; लिमिट ९४.५०, म्हणजे त्याखाली विकणार नाही. पातळ ऑर्डर बुकच्या कॉइनमध्ये भाव एका फटक्यात ९५ वरून ९२ ला येतो. तुमची ऑर्डर जागी होते आणि ९४.५० ला गिऱ्हाईक शोधत बसते. स्टॉप-मार्केट (मिळेल त्या भावाला विकणारी) असती तर ९२ च्या आसपास सुटका झाली असती. आल्टकॉइनमध्ये लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवा किंवा रक्कमच एवढी लहान ठेवा की बुकात ती सहज मावेल.

प्रश्न : क्लाउड मायनिंगमध्ये दरमहा १० टक्के देतात. ओळखीच्यांना पैसे मिळालेही आहेत. घालावे का? (नाशिक)

नको. क्लाउड मायनिंग म्हणजे पैसे तुम्ही भरायचे आणि मशीन दुसऱ्याने दुसरीकडे चालवायचे. वरच्या पहिल्या उत्तरातला हिशेब त्यांनाही लागू आहे; महिन्याला १० टक्के निश्चित देईल असे मायनिंग कुठेच नाही. गेनबिटकॉइन या योजनेचे आश्वासनही असेच होते, दरमहा १० टक्के, १८ महिने. २०१८ मध्ये पुण्यात त्यावर गुन्हे दाखल झाले. सुरुवातीला बिटकॉइनमध्ये पैसे मिळालेल्यांच्या हाती पुढे एमकॅप नावाचे घरचेच टोकन ठेवले गेले, आणि त्याला बाहेर गिऱ्हाईक नव्हते.

ओळखीच्यांनी पैसे काढून घ्यायचा प्रयत्न आजच करावा. ‘आधी कर भरा, मग रक्कम सुटेल’ असे सांगितले तर एक पैसाही पाठवू नये. तसे झाले की व्यवहारांचे हॅश (ओळख क्रमांक), ज्या पत्त्यांवर कॉइन पाठवले ते पत्ते, बँकेचे यूटीआर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट एकत्र करून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.